पुळणीवरची पाटी

मुलाला अक्षराची पहिली ओळख डोळ्याने करून द्यावी की हाताने, हा प्रश्न आजच्या पालकाला कदाचित विचित्र वाटेल. कारण तिसरे वर्ष पुरे होते न होते तोच मुलाच्या हाती पेन्सिल आणि पुढ्यात चाररेघी वही ठेवण्याचा शिरस्ता आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, याहून निराळा मार्ग असू शकतो आणि तो आपल्याच आजापणजांच्या वहिवाटीतला होता, याचे स्मरणही आता फारसे कोणाला उरलेले नाही. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, उरणपासून हरिहरेश्वरापर्यंत पसरलेल्या गावांत, हा प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. जे साधन मिळविण्यासाठी शहरातल्या बालकमंदिरांना दुकानातून पेट्या मागवाव्या लागतात, ते येथे भरतीओहोटीच्या मधल्या पट्ट्यात कोणाच्याही मालकीविना पडलेले असते. आणि तरीही त्या पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावरच्या खोलीत चार वर्षांचे मूल मान मोडून 'अ' ची ओळ भरत बसलेले आढळते, तेव्हा मनाला खरोखर क्लेश होतात.

जुन्या पंतोजींच्या शाळेत नव्याने आलेल्या मुलाला प्रथम कागद मिळत नसे, शाईही मिळत नसे. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटांची पूड पसरावयाची, तिच्यावर बोटाने अथवा टोकदार काडीने अक्षर काढावयाचे, पंतोजींनी घालून दिलेल्या वळणावरून हात पुनःपुन्हा फिरवावयाचा आणि अखेर फळी हलवून ती कोरी करावयाची, अशी ती धूळपाटी असे. धुळाक्षरे हातात बसली म्हणजे मग बोरू, दौत आणि कित्ता यांची पाळी येई, आणि पुढे कारकुनीकडे ज्याचा ओढा असेल त्याला मोडीचा हात बसवावा लागे. या शाळेचे निष्कारण गुणगान करण्याचे प्रयोजन नाही. तेथे छडी होती, घोकंपट्टीचा जाच होता, आणि कोळ्यांच्या, कातकऱ्यांच्या, अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांना व बहुतेक सर्व मुलींना तिचा उंबरठा जवळजवळ बंदच होता. परंतु आरंभीच्या अक्षराला चूक करण्याची आणि ती चूक मागमूस न ठेवता मोडून टाकण्याची जी मुभा धूळपाटीने दिली होती, ती कागदाच्या वहीने हिरावून घेतली, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

आपल्याकडील या साध्या रीतीचा प्रवास मोठा लांबचा आहे. १७८९ पासून मद्रासच्या लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार पाहणारे पाद्री अँड्र्यू बेल यांना सकाळच्या फेरफटक्यात एका देशी शाळेतील मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढताना दिसली. पाट्या आणि कागद यांच्या खर्चाने व शिक्षकांच्या असहकाराने त्रासलेल्या त्या गृहस्थाने ही रीत आपल्या आश्रमात ताबडतोब लागू केली, थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी तजवीज तिला जोडली, आणि १७९७ मध्ये लंडनला या प्रयोगाची हकीकत छापून प्रसिद्ध केली. पुढे इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळांतून वाळू पसरलेली मेजे आली व तेथील मजुरांची मुले बोटाने रोमन अक्षरे काढू लागली. बेलसाहेबांना त्या वाळूत मुख्यतः काटकसर दिसली. वाळूवर बोट फिरत असताना मुलाच्या मनात काय घडते, याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारी बुद्धी यावयास आणखी शंभर वर्षे लागली.

ती बुद्धी होती डॉ. मारिया माँटेसरी यांची. बुद्धीने मंद समजल्या गेलेल्या मुलांसाठी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांनी स्पर्शाच्या द्वारे शिक्षणाचे जे उपाय योजिले होते, त्यांचा कसून अभ्यास करून माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथे गुळगुळीत पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाची अक्षरे कापून चिकटविलेली असत. मुलाने तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे लिहिण्याच्याच दिशेने त्या अक्षरावरून फिरवावयाची आणि फिरविताना त्या अक्षराचा उच्चार करावयाचा. बोट खरखरीत भागावरून घसरून गुळगुळीत भागावर गेले, की चूक झाल्याचे बोटालाच कळे. बाईंनी रागावण्याचे कारण उरत नसे. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात घडलेला एक प्रसंग माँटेसरींनी आपल्या ग्रंथात नमूद केला आहे. गच्चीवर ऊन पडलेले होते, मुले खेळत होती, आणि पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी समोरच्या धुराड्याचे चित्र खडूने फरशीवर काढावयास सांगितले. चित्र साधारण बरे आले म्हणून त्यांनी शाबासकी दिली, तोच ते मूल आनंदाने उसळून आपल्याला लिहिता येते असे ओरडू लागले आणि गुडघे टेकून त्याने फरशीवर 'हात' हा शब्द लिहिला, मागोमाग 'धुराडे' लिहिला, 'छप्पर' लिहिला. कोणीही त्याला शब्द लिहावयास शिकविलेले नव्हते. बोटांनी अक्षरांची वळणे आत्मसात केली होती, कान ध्वनी वेगळे करावयास शिकले होते, आणि ही दोन्ही ज्ञाने एका क्षणी एकमेकांना भेटली.

हे विचार भारतात आले ते प्रथम गुजरातच्या वाटेने. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासेस आल्या व महायुद्धामुळे पुढील काही वर्षे या देशातच अडकून पडल्या. परंतु माझ्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा १९४५ चा आहे. त्या वर्षी पन्नाशी उलटलेल्या ताराबाई शहरातील सुस्थिर संस्था सोडून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि ज्यांच्या घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे त्यांच्या मुलांना माँटेसरींची पद्धती कशी द्यावी, या प्रश्नाला त्या दोघींनी हात घातला. विलायती धर्तीची लाकडी उपकरणे खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी साधन सोडले, तत्त्व ठेवले, आणि शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या यांतून शाळा उभी केली. मुले शाळेत येईनात म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जिचा उच्चार होतो ती 'अंगणवाडी' या उद्योगातून जन्मली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये गेले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर या दोन स्त्रियांचे ऋण लिहिलेले आहे, असे मला नेहमी वाटते.

आता हाताकडे वळू. जन्मतः मुलाच्या मनगटात हाड असे नसतेच. असते ती कूर्चा. तिच्यातून आठ लहान हाडे एकामागून एक तयार होत जातात, सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांतील सात दिसू लागतात आणि आठवे तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान केव्हातरी प्रकट होते. म्हणजे ज्या वयात आपण मुलाकडून दोन रेघांच्या मध्ये नेमके बसणारे अक्षर मागतो, त्या वयात ते पेलणारे यंत्रच अर्धवट बांधून झालेले असते. पकडीचेही तसेच आहे. प्रथम मूल काडी मुठीत धरते आणि सगळा दंड खांद्यापासून हलविते. मग कोपर हलू लागते, मग मनगट. आणि अंगठा, तर्जनी व मध्यमा यांची चिमूट स्थिर व्हावयास साधारण चार ते सहा वर्षांचा काळ यावा लागतो. आकारांचाही क्रम निसर्गाने ठरवून ठेवला आहे. तीन वर्षांच्या सुमारास मूल वर्तुळाची नक्कल करू शकते, चार वर्षांच्या सुमारास अधिकाची खूण, साडेचारच्या आसपास चौकोन. तिरप्या रेषा त्याला सर्वांत उशिरा वश होतात, म्हणून त्रिकोण पाचव्या वर्षाच्या पुढे जातो. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल खेद व्यक्त करताना, मुलांना लेखनाच्या आधी चित्रकला शिकवावी, असे जे आग्रहाने लिहिले आहे, त्याला शरीरशास्त्राचा असा भक्कम पाठिंबा आहे.

देवनागरीची अक्षरे या दृष्टीने न्याहाळली तर त्यांची घडण मुलाच्या हाताला अनुकूलच आहे असे दिसून येईल. उभा दंड, आडवी शिरोरेषा, अर्धवर्तुळ आणि गाठ, एवढ्या थोड्या अवयवांतून बहुतेक वर्ण सिद्ध होतात. म्हणूनच आपल्याकडे वर्णमालेचा क्रम पाठ म्हणावयास आणि 'ग म भ न' हा क्रम लिहावयास, अशी वाटणी झाली. 'ग' चा हात बसला म्हणजे दंड सर्वांना समान राहतो, डावीकडचा भाग तेवढा बदलतो. मुलाची गफलत होते ती 'म' आणि 'भ' यांत, 'घ' आणि 'ध' यांत, अंकांतील '३' आणि '६' यांत. कारण डोळ्याला ही जुळी भावंडे दिसतात. हाताला मात्र ती कधीच एक वाटत नाहीत. '३' काढताना बोट उजवीकडे फुगते, '६' काढताना डावीकडे, आणि हा भेद एकदा स्नायूंत उतरला की डोळाही त्याच्या मागोमाग शहाणा होतो.

याचे साधन म्हणून वाळूचे माहात्म्य थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. पाणी मागे सरल्यावर जो ओलसर, घट्ट पट्टा पुळणीवर राहतो, तो लिहिण्यास सर्वोत्तम. वरची कोरडी रेती अक्षराची कड धरीत नाही, आणि पाण्याच्या अगदी काठची रेती बोटाखाली लगेच भरून येते. अलिबागेकडची काळसर रेती ओली असताना गडद दिसते व तिच्यातील चर ठळक उमटतो. काशीदची पांढुरकी रेती डोळ्याला सुखद असली तरी उन्हात तिच्यावरचे अक्षर पुसट भासते. आरंभी अक्षर पुरुषभर उंचीचे असावे. बाईंनी सुरूच्या काडीने 'ग' चा खोल चर काढून द्यावा आणि मुलाने त्या चरातून अनवाणी चालत जावे, तोंडाने 'ग' म्हणत. पुढे तेच अक्षर हाताएवढे, मग वितीएवढे, आणि शेवटी तळहाताएवढे करीत आणावे. खांद्याकडून बोटांकडे सरकणारा विकासाचा जो क्रम वर सांगितला, त्याला हा अगदी साजेसा आहे.

पुळणीवर रोज जाणे शक्य नसते, आणि पावसाच्या चार महिन्यांत तर तो विचारही करू नये. त्यासाठी घरातली पितळी किंवा स्टीलची परात पुरे. रेती चाळून, गोड्या पाण्याने दोनदा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवावी. शंखांचे तुकडे, काचेचे कण, तुटलेले गळ त्यात राहता कामा नयेत. (सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांनी बाटल्या फोडून टाकल्यामुळे ही खबरदारी आता दुप्पट घ्यावी लागते, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.) परातीत रेतीचा थर पातळच हवा, म्हणजे बोट फिरताच खालचा चकचकीत तळ उघडा पडतो आणि अक्षर उजळून निघते. रेवदंड्याच्या बाजूच्या एका अंगणवाडीत मी पाहिलेला प्रकार या संदर्भात सांगण्यासारखा आहे. कोळ्याचा एक चिमुरडा 'म' काढीत होता आणि गाठ पुनःपुन्हा दंडाच्या उजव्या अंगाला घालीत होता. ताईंनी त्याला 'चुकलं' म्हटले नाही. त्यांनी आपल्या पुढच्या परातीत, त्याच्याकडे न पाहता, एक मोठा थोरला 'म' सावकाश काढला. मुलाने तो निरखला, आपल्या परातीला बाजूने टिचकी मारली, रेती सपाट झाली, आणि त्याने पुन्हा आरंभ केला. वहीवर हेच घडले असते तर खोडरबराने कागद फाटला असता आणि त्या फाटक्या कागदाची लाज मुलाच्या मनात कितीतरी दिवस राहिली असती.

याच किनाऱ्यावर, अलिबागेजवळच्या आक्षी गावी, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून अभ्यासकांनी वाचलेला शिलालेख आहे, आणि ज्ञात मराठी शिलालेखांत तो आद्य मानला जातो. ज्यांनी ती अक्षरे दगडात खोदविली त्यांची इच्छा ती आचंद्रार्क टिकावीत अशी होती. शिकाऊ मुलाची गरज नेमकी उलट आहे. त्याचे पहिले अक्षर टिकू नये, त्याचा दाखला कोणी ठेवू नये, ते क्षणात मोडता यावे, यातच त्याचे हित आहे.

वाळूखेरीज या मुलखात आणखीही पुष्कळ सामग्री आहे. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर बारीक रेती भुरभुरावी आणि वाळल्यावर झटकावी, की माँटेसरींचे खरखरीत अक्षर फुकट तयार होते. काथ्याची बारीक दोरी वळणावर चिकटविली तर ते अधिकच उठावदार होते. नारळाच्या झावळीचे हीर मोडून दंड आणि शिरोरेषा मांडता येतात, चिंचोके ओळीने लावून अर्धवर्तुळ साधते, तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी गाठ भरता येते. आणि पेण तर गणेशमूर्तींसाठी सर्वत्र विख्यात आहे. तेथील शाडू मातीचा गोळा मुलाच्या हाती द्यावा, त्याने तो तळहातांमध्ये वळून लांबट वळी करावी आणि त्या वळीला बाक देऊन 'ट' करावा, 'ठ' करावा. माती मळण्यात, दाबण्यात, चिमटीत धरण्यात बोटांना जे बळ येते, तेच पुढे पेन्सिल धरण्यास उपयोगी पडते. कोळ्यांच्या घरातील मुले जवळा निवडतात, जाळ्याच्या गाठी सोडवितात. त्यांच्या बोटांची तयारी कित्येकदा शहरी मुलांहून सरस असते, आणि शाळेने ती विद्या म्हणून ओळखावी अशी माझी मनापासून मागणी आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. नुसते गिरवीत राहणे पुरेसे नाही. फ्रान्समधील बालवर्गांत केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उठावाची अक्षरे हाताने चाचपून शिकलेली मुले केवळ पाहून शिकलेल्या मुलांपेक्षा नवे शब्द वाचण्यात पुढे गेलेली आढळली, हे खरे. परंतु २०१२ मध्ये अमेरिकेतील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अद्याप वाचू न लागलेल्या मुलांच्या मेंदूचे निरीक्षण केले तेव्हा, ज्या अक्षरांना मुलांनी कळफलकावर दाबले होते किंवा आखलेल्या रेषेवरून गिरविले होते, त्यांच्यापेक्षा जी त्यांनी मोकळ्या हाताने स्वतः काढली होती, ती पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग अधिक जागृत झालेले दिसले. मुलाचे स्वतःचे अक्षर वेडेवाकडे येते, प्रत्येक वेळी निराळे येते, आणि त्या निराळेपणातूनच सर्व 'ग' मध्ये समान काय आहे हे त्याला उमगते, असे या विदुषींचे अनुमान आहे. तेव्हा खरखरीत अक्षरावरून बोट फिरविल्यावर ते बाजूला ठेवावे आणि मुलाने परातीत ते आठवणीने काढावे. मग डोळे मिटून काढावे. मग ताईंनी नुसता ध्वनी उच्चारावा आणि त्याने अक्षर उमटवावे. ज्या मुलाला रेतीचा स्पर्शच नकोसा होतो, आणि अशी मुले असतात, त्याच्यावर सक्ती करू नये; त्याला काडी द्यावी, किंवा पाण्यात बुडविलेला कुंचला देऊन फरशीवर लिहू द्यावे. डावखुऱ्या मुलाचा हात तर चुकूनही बदलू नये.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हेच या वयाचे शिक्षण ठरविले आहे. म्हणजे सरकारी हुकूम ताराबाईंच्या बाजूने आहे. अडचण आहे ती पालकांच्या अपेक्षेत. दिवसभर मजुरी करून किंवा होडीवरून परतलेला बाप दप्तर उघडतो, भरलेली वही शोधतो आणि ती सापडली नाही की शाळा काही शिकवीत नाही असा निष्कर्ष काढतो. त्याच्या या काळजीत मुलाविषयीची जी तळमळ आहे तिचा आदरच केला पाहिजे. खासगी शिशुवर्ग मग त्याच तळमळीला वह्या पुरवितात, आणि अंगणवाडीतल्या ताईही पट टिकविण्यासाठी त्याच वाटेने जातात.

यावर मला सुचलेला उपाय लहानसा आहे. दसऱ्याला पाटीपूजनाची चाल आपल्या घराघरांत आहे. एकाच्या आकड्यांनी रेखाटलेली सरस्वती पाटीवर काढून तिला झेंडूची फुले वाहावयाची, हे बहुतेकांनी लहानपणी केलेले असते. त्या सुमारास पाऊस सरलेला असतो आणि समुद्रही निवळू लागलेला असतो. किनाऱ्यावरील प्रत्येक अंगणवाडीने दसऱ्याच्या आधल्या दिवशी, ओहोटीची वेळ पाहून, आईबापांना मुलांसह पुळणीवर बोलवावे. ताईंनी ध्वनी उच्चारावेत, मुलांनी ओल्या रेतीत अक्षरे काढावीत, आणि आईबापांनीही त्यांच्या शेजारी बसून बोटाने आपापली नावे लिहावीत. यासाठी ग्रामपंचायतीला निधीची तरतूद करावी लागणार नाही. वेळेवर भरतीचे कोष्टक पाहणारे एक माणूस आणि काचा वेचून पट्टा साफ करणारी चार माणसे एवढा बंदोबस्त पुरेल. शिवाय ताईंनी पालकांना त्याच वेळी स्पष्ट सांगावे की वही दिवाळीनंतर, आणि तीही मुलाची चिमूट स्थिर झाली असेल तरच, प्रथम पाटी व जाड खडू यांच्या मार्गाने येईल. तोपर्यंत घरी एक परात आणि ओंजळभर धुतलेली रेती ठेवावी.